कॅप्टन मॅथ्यू वेब : इंग्लिश खाडी ते नायगारा

खुल्या समुद्रातील लांब पल्ल्याच्या जलतरणाचा इतिहास सामान्यतः २५ ऑगस्ट १८७५ या दिवसापासून सांगितला जातो, कारण त्या दिवशी सकाळी कॅप्टन मॅथ्यू वेब हे सत्तावीस वर्षांचे इंग्रज खलाशी फ्रान्समधील कॅले बंदराजवळच्या वाळूवर पोहोचले आणि कोणत्याही तरंगत्या साधनाचा आधार न घेता, साक्षीदारांच्या देखत इंग्लिश खाडी पोहून गेल्याची पहिली नोंद त्यांच्या नावावर झाली. या इतिहासाच्या बहुतेक कथनांत वेब यांच्या आयुष्यातील दोनच दिवस शिल्लक राहतात : एक खाडी ओलांडल्याचा, आणि दुसरा २४ जुलै १८८३ चा, ज्या दिवशी नायगारा नदीच्या खळाळात त्यांचा अंत झाला. पहिल्या दिवसाला पराक्रम आणि दुसऱ्याला वेडे धाडस म्हणण्याची प्रथा पडून गेली आहे. परंतु या दोन दिवसांमधील आठ वर्षे, म्हणजे त्यांचा विवाह, दोन मुले, पोटासाठी काचेच्या आणि लाकडाच्या टाक्यांत केलेली प्रदर्शने आणि हळूहळू खालावत गेलेली प्रकृती, बाजूला ठेवली तर नायगाऱ्याचा तो दिवस समजूच शकत नाही. वेब हे समुद्रावर मनापासून प्रेम करणारे पोहणारे होते आणि त्याच वेळी घरच्या माणसांची जबाबदारी अंगावर घेतलेले गृहस्थ होते. त्यांच्या शेवटाचा अर्थ या दोन गोष्टी एकत्र ठेवूनच लावावा लागतो.

वेब यांचा जन्म १९ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडच्या पश्चिम भागातील श्रॉपशायर परगण्यात, डॉली या खाणकामगारांच्या गावी झाला. वडील डॉक्टर होते आणि घरात बारा भावंडे होती, त्यामुळे सुखवस्तू म्हणावे असे घर असले तरी प्रत्येक मुलाने लवकर आपल्या पायावर उभे राहावे, हे ओघानेच आले. पुढे हे कुटुंब कोलब्रुकडेल येथे राहू लागले. ब्रिटनमधील लोखंडाच्या उद्योगाचे हे जुने माहेरघर सेव्हर्न नदीच्या काठी वसलेले आहे, आणि याच नदीत मॅथ्यू आणि त्यांचे भाऊ पोहायला शिकले. सेव्हर्न ही पाऊस पडला की झपाट्याने चढणारी, तळाशी ओढ असलेली नदी आहे. १८६३ साली याच नदीत बुडू लागलेल्या थॉमस या भावाला मॅथ्यू यांनी वाचवले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढील काळात त्यांच्या नावाभोवती जी वलये जमा झाली त्यांत ही घटना मागे पडली, तरी स्वतःच्या माणसासाठी पाण्यात उडी घेण्याची ही पहिली नोंद त्यांच्या चरित्रात महत्त्वाची मानली पाहिजे.

वयाच्या बाराव्या वर्षीच ते लिव्हरपूलजवळ मर्सी नदीत नांगरलेल्या ‘कॉन्वे’ या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाले होते. व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना तेथे शिडे, दोर, नकाशे आणि शिस्त यांचे शिक्षण दिले जात असे. तेथून ते लिव्हरपूलच्या रॅथबोन ब्रदर्स या व्यापारी पेढीकडे उमेदवारीवर गेले आणि भारत व चीनकडे जाणाऱ्या जहाजांवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्या काळातील खलाशांपैकी पुष्कळांना पोहता येत नसे. जहाजावरून पडलेला माणूस बहुधा गेलाच असे समजले जाई, आणि म्हणून पाण्याला न भिणारा अधिकारी जहाजावर असणे ही विशेष गोष्ट होती.

१८७३ साली क्युनार्ड कंपनीच्या ‘रशिया’ या आगबोटीवर दुय्यम अधिकारी असताना न्यू यॉर्कहून लिव्हरपूलकडे येणाऱ्या प्रवासात एक खलाशी अटलांटिक महासागरात पडला. वेब यांनी क्षणाचा विचार न करता पाण्यात उडी टाकली. बोट वेगात होती, पाणी बर्फासारखे गार होते, आणि पडलेला माणूस त्यांच्या हाती लागला नाही. जहाजावरून सोडलेल्या होडीने त्यांना शोधून काढेपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक वेळ ते भर समुद्रात एकटे तरंगत होते. या कृत्याबद्दल त्यांना स्टॅनहोप सुवर्णपदक देण्यात आले. पाण्यातून माणसाला वाचवण्यासाठी त्या वर्षात दाखवलेल्या सर्वोच्च धैर्याबद्दलचे हे पदक तेव्हा नव्यानेच सुरू झाले होते आणि वेब हे त्याचे पहिले मानकरी ठरले. ज्याला वाचवायचे होते तो वाचला नाही, तरीही हे पदक दिले गेले, यातच त्या उडीचे मोल तेव्हाच्या लोकांनी ओळखले होते असे म्हणता येते.

त्यापूर्वी १८७२ च्या ऑगस्टमध्ये जे. बी. जॉन्सन या जलतरणपटूने डोव्हरहून खाडी ओलांडण्याचा प्रयत्न केला होता आणि तो तासाभरातच सोडून दिला होता. त्या अयशस्वी प्रयत्नाचे वृत्त वेब यांच्या वाचनात आले आणि ‘एमराल्ड’ या आगबोटीचे कप्तान म्हणून हाती आलेली नोकरी सोडून ते या एकाच ध्यासामागे लागले. लंडनमध्ये त्यांनी लॅम्बेथ येथील पोहण्याच्या तलावात फ्रेड बेकविथ या व्यावसायिक प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव केला. सराव तलावापुरता राहिला नाही. जुलै १८७५ मध्ये त्यांनी टेम्स नदीतून ब्लॅकवॉल ते ग्रेव्हझेंड हे सुमारे तीस किलोमीटरचे अंतर पाच तासांच्या आत कापले आणि त्यानंतर डोव्हर ते रॅम्सगेट असा समुद्रातील पल्लाही पार केला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात पॉल बॉयटन यांनी खाडी ओलांडली होती आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. परंतु बॉयटन हवा भरलेल्या रबरी पोशाखात पाठीवर उताणे पडून, हातात वल्हे घेऊन गेले होते. त्यांचा हेतू जीवरक्षक पोशाखाची उपयुक्तता दाखवण्याचा होता आणि तो सफलही झाला, पण त्यामुळे एक प्रश्न ठळकपणे पुढे आला : खाडी ‘पोहून’ जाणे कशाला म्हणायचे? वेब यांनी तो प्रश्न साध्या पोहण्याच्या पोशाखात, स्वतःच्या हातापायांवर सोडवला, आणि आजही खाडीच्या पारंपरिक नियमांत उष्णता धरून ठेवणारा रबरी पोशाख घालण्यास आणि सोबतच्या होडीला स्पर्श करण्यास मनाई आहे.

१२ ऑगस्ट १८७५ चा पहिला प्रयत्न वारा आणि खवळलेला समुद्र यांमुळे काही तासांतच सोडावा लागला. बारा दिवसांनी, २४ ऑगस्ट रोजी दुपारी एकच्या सुमारास, वेब यांनी डोव्हरच्या अ‍ॅडमिरल्टी धक्क्यावरून सूर मारला. अंगाला पॉर्पस या समुद्री सस्तन प्राण्याची चरबी चोळलेली होती, कारण थंड पाण्यात शरीराची उष्णता फार वेगाने निघून जाते आणि चरबीचा थर ती थोडीफार रोखतो, असा तेव्हाचा समज होता. सोबत तीन बोटी होत्या. त्यांवर निकाल पाहणारे पंच, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आणि वेब यांच्या बहिणीचे यजमान होते. छातीवर पालथे होऊन दोन्ही हात एकाच वेळी पुढे लांबवायचे व बाजूंना ओढून पाणी मागे सारायचे, या ब्रेस्टस्ट्रोक पद्धतीने, मिनिटाला सुमारे वीस हात अशा संथ आणि एकसारख्या लयीत ते निघाले.

इंग्लिश खाडीची अवघड बाजू तिच्या रुंदीत नाही. डोव्हरपासून फ्रान्सच्या ग्रि-ने भूशिरापर्यंतचे सरळ अंतर अवघे तेहतीस किलोमीटर आहे, आणि तेवढे अंतर शांत पाण्यात कापणारे पोहणारे तेव्हाही कल्पनेबाहेरचे नव्हते. खरी अडचण भरती-ओहोटीची आहे. उत्तर समुद्र आणि अटलांटिक यांमधील हा चिंचोळा मार्ग असल्यामुळे दर सहा तासांच्या सुमारास प्रवाहाची दिशा उलटते आणि पोहणारा कितीही सरळ जाऊ पाहत असला तरी प्रथम एका बाजूला व नंतर दुसऱ्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे त्याचा मार्ग नागमोडी होतो. कोकणातील दर्यावर्दी ज्याला उधाण म्हणतात त्या अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत ही ओढ सर्वाधिक असते, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या पाण्यात ती कमी असते. म्हणून आजही खाडी पोहण्यासाठी भांगाचे दिवस पसंत केले जातात. यात चूक झाली तर फ्रान्सचा किनारा डोळ्यांसमोर दिसत असूनही तासन्‌तास तो जवळ येत नाही.

वेब यांच्या बाबतीत तेच घडले. संध्याकाळपर्यंत सारे सुरळीत होते. अधूनमधून बोटीवरून गोमांसाचे सूप, कॉफी, बिअर आणि थोडी ब्रँडी त्यांना दिली जात होती आणि ते उभ्याने पाय मारत ती घेत होते. रात्री जेलीफिशचा दंश झाला, तेव्हा ब्रँडी घेऊन ते पुढे निघाले. पहाटे फ्रान्सचा किनारा दृष्टीच्या टप्प्यात आला, पण ग्रि-ने भूशिराजवळ ओहोटीच्या प्रवाहाने त्यांना पकडले आणि सुमारे पाच तास ते किनाऱ्याला समांतर वाहत राहिले. वारा वाढला, लाटा उठू लागल्या, हातांची गती मंदावली. शेवटच्या टप्प्यात ‘मेड ऑफ केंट’ या डाकबोटीवरील खलाशांनी एक होडी सोडून त्यांच्या बाजूला आडोसा धरला, म्हणजे लाटांचा मारा थोडा कमी व्हावा. त्या होडीने त्यांना ओढले नाही की आधार दिला नाही. सकाळी पावणेअकराच्या सुमारास त्यांचे पाय कॅलेच्या वाळूला लागले. पाण्यात काढलेला वेळ एकवीस तास आणि पंचेचाळीस मिनिटे होता, आणि प्रवाहाने घडवलेला नागमोडी मार्ग मोजला तर त्यांनी सुमारे चौसष्ट किलोमीटर अंतर कापले होते.

इंग्लंडने त्यांचे स्वागत एखाद्या विजयी सेनापतीसारखे केले. डोव्हरच्या महापौरांनी असा पराक्रम पुन्हा होणे नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यांच्यासाठी सार्वजनिक निधी उभारला गेला आणि त्यात दोन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्यातील काही भाग वेब यांनी वडिलांना दिला आणि उरलेली रक्कम व्याजाने ठेवली. बारा मुलांचे घर चालवलेल्या वडिलांना त्या रकमेतून पहिला वाटा मिळाला, ही बाब त्यांच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगून जाते. त्याच वर्षी त्यांच्या नावाने ‘द आर्ट ऑफ स्विमिंग’ हे पोहण्याची कला शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध झाले, काडेपेट्यांवर त्यांचे चित्र छापले गेले आणि देशभर पोहायला शिकण्याची लाट आली. खाडीच्या यशानंतर आठवडाभरातच बेकविथ यांची चौदा वर्षांची मुलगी अ‍ॅग्नेस टेम्स नदीत लंडन ब्रिज ते ग्रिनिच हे अंतर पोहून गेली. मुलींनी आणि स्त्रियांनी उघड्यावर पोहण्याला समाजमान्यता मिळण्याच्या दृष्टीने ही घटना फार महत्त्वाची होती.

येथून पुढे वेब यांच्या आयुष्यातील कठीण काळ सुरू होतो. जहाजावरील नोकरी त्यांनी सोडली होती. हौशी खेळाडूंना पगार नसे आणि व्यावसायिक पोहणाऱ्यांना मिळकतीचे मुख्य मार्ग तीन होते : पैज, शर्यत आणि तिकीट लावून केलेले प्रदर्शन. खाडी पोहणे हे एकदाच घडणारे कृत्य होते. ते दर आठवड्याला प्रेक्षकांपुढे करून दाखवता येत नव्हते आणि समुद्रकिनाऱ्यावर तिकीट लावता येत नव्हते. शर्यतींमध्येही वेब मागे पडू लागले. याचे कारण त्यांच्या ताकदीत नव्हते. जॉन ट्रजन या इंग्रज पोहणाऱ्याने दक्षिण अमेरिकेतील स्थानिक लोकांकडून शिकलेली, हात पाण्याबाहेर काढून पुढे टाकण्याची पद्धत १८७३ साली लंडनमध्ये दाखवली होती आणि तिच्यामुळे कमी अंतराच्या शर्यतींचा वेग एकदम वाढला होता. वेब यांची ब्रेस्टस्ट्रोक ही वीस तास टिकणारी पद्धत होती. तिचे सामर्थ्य समुद्रात सिद्ध झाले होते, पण तलावातल्या घड्याळापुढे ती उणी पडत होती.

२७ एप्रिल १८८० रोजी लंडनमधील वेस्ट केन्सिंग्टन येथील चर्चमध्ये त्यांचा मॅडेलिन केट चॅडॉक यांच्याशी विवाह झाला. पुढील तीन वर्षांत त्यांना मॅथ्यू हा मुलगा आणि हेलन ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली. या संसाराचा खर्च आता प्रदर्शनांवर अवलंबून होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील रॉयल अ‍ॅक्वेरियम येथे एका टाकीत साठ तास तरंगून राहण्याची पैज त्यांनी जिंकली. स्कार्बरो येथे त्याहून अधिक तास ते पाण्यात राहिले. १८८२ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे सुमारे एकशे अठ्ठावीस तासांचा प्रयोग केला. ज्यांना भरती-ओहोटी, वारा, चांदणे आणि किनाऱ्याची रेषा यांच्यासह पोहायची सवय होती, त्यांनी बंद सभागृहातील हिरवट पाण्यात, दिव्यांच्या धुराखाली, प्रेक्षकांची ये-जा चालू असताना दिवसरात्र तरंगत राहायचे, हा या आयुष्यातील सर्वांत दुःखद भाग आहे. छातीचा आजार त्यांना जडला; शर्यतीनंतर खोकल्यातून रक्त पडू लागले; वजन कमी झाले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असली तरी विश्रांती म्हणजे मिळकत बंद, एवढेच त्या घराला ठाऊक होते.

१८८३ च्या उन्हाळ्यात ते पत्नी आणि दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेत गेले आणि बॉस्टनजवळच्या नॅन्टास्केट या समुद्रकिनाऱ्यावर कुटुंबाची सोय करून तेथे त्यांनी प्रदर्शने सुरू केली. नायगारा धबधब्याच्या खालच्या अंगाला असलेला खळाळ, ज्याला व्हर्लपूल रॅपिड्स म्हणतात, तो पोहून जायचा बेत याच सुमारास ठरला. बघ्यांसाठी खास गाड्या सोडून रेल्वे कंपन्यांना मोठी मिळकत होईल आणि त्यातून वेब यांना दहा हजार डॉलर मिळतील, असे बोलले जात होते. एवढ्या पैशांत त्या कुटुंबाची पुढची अनेक वर्षे निश्चिंत गेली असती, आणि टाकीतील प्रदर्शनांतून कायमची सुटका झाली असती.

हा बेत आंधळा नव्हता, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. वेब आधी जाऊन नदी पाहून आले होते. लाटा अंगावर येतील तेथे बुडी मारून खालून निघायचे, प्रवाहाच्या मध्यावर राहायचे, भोवऱ्याच्या कडेने वळसा घेऊन पलीकडे बाहेर पडायचे, असा त्यांचा विचार होता. १८६१ साली ‘मेड ऑफ द मिस्ट’ ही छोटी आगबोट जोएल रॉबिन्सन या कप्तानाने याच खळाळातून सुखरूप नेली होती, हे नायगाऱ्याच्या परिसरात सर्वांना माहीत होते. परंतु बोटीला पत्रा आणि लाकूड यांचे कवच असते, पोहणाऱ्याला नसते. धबधब्यानंतर नदी उंच कड्यांच्या घळीत शिरते, पात्र एकदम अरुंद होते आणि चार मोठ्या सरोवरांचे पाणी त्या अरुंद वाटेने धावू लागते. मध्यभागी पाणी काठांपेक्षा उंच चढते, एका जागी उभ्या राहिलेल्या प्रचंड लाटा तयार होतात, आणि पुढे घळ काटकोनात वळते तेथे पाणी कड्यावर आदळून स्वतःभोवती फिरू लागते. सेव्हर्नमध्ये, खाडीत आणि अटलांटिकमध्ये मिळवलेले ज्ञान अशा पाण्यात फारसे उपयोगी पडणारे नव्हते, कारण तेथे पोहणाऱ्याला प्रवाहाशी वाटाघाट करायला वेळच मिळत नाही.

२४ जुलै १८८३ रोजी दुपारी सव्वाचारच्या सुमारास एका स्थानिक नावाड्याने त्यांना होडीतून जुन्या झुलत्या रेल्वे पुलाच्या वरच्या बाजूस नेले. वेब यांनी नदीत उडी घेतली, शांतपणे मधल्या धारेला लागले आणि पुलाखालून गेले. खळाळात ते एकदोनदा वर दिसले, हात चालू होते. भोवऱ्याच्या तोंडाशी ते शेवटचे दिसले आणि पुन्हा वर आले नाहीत. चार दिवसांनी त्यांचे शव खाली ल्यूइस्टनच्या बाजूला सापडले. वैद्यकीय तपासणीत डोक्यावर जखम आढळली, तसेच पाण्याच्या प्रचंड दाबाने श्वासोच्छ्वास थांबून मृत्यू आला असावा, असे मत नोंदवले गेले. त्यांचे वय पस्तीस वर्षे होते.

नायगारा फॉल्स गावातील ओकवुड दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. मॅडेलिन यांनी १८८४ च्या जानेवारीत तेथे जाऊन ते शव बाहेर काढवले, ओळख पटवली आणि विधिपूर्वक दफन करवले. हाती दोन लहान मुले असताना, कडाक्याच्या थंडीत या तरुण विधवेने केलेला हा प्रवास वेब यांच्या चरित्रांत एका ओळीत उरकला जातो. तो त्यांच्या खाडीच्या रात्रीइतकाच सविस्तर सांगितला जावयास हवा होता. डॉली गावात १९०९ साली उभारलेल्या स्मारकाचे अनावरण थॉमस वेब यांनी केले, म्हणजे सेव्हर्न नदीतून ज्यांना मॅथ्यू यांनी बाहेर काढले होते त्याच भावाने.

खाडीच्या बाबतीत डोव्हरच्या महापौरांचे भाकीत छत्तीस वर्षे खरे ठरले. जॅबेझ वुल्फ यांच्यासारख्या जिद्दी माणसाने वीसहून अधिक प्रयत्न केले, तरी यश आले नाही. अखेर सप्टेंबर १९११ मध्ये टॉमस विल्यम बर्जेस यांनी दुसऱ्यांदा खाडी पार केली. गर्ट्रूड एडर्ली या १९२६ साली खाडी पोहणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि त्यांची वेळ तोपर्यंतच्या सर्व पुरुषांपेक्षा कमी होती. भारतातून १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा यांनी हा पल्ला गाठला, आणि मुंबईच्या रूपाली रेपाळे यांनी १९९४ मध्ये कोवळ्या वयात तो पार केला. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा पल्ला पोहून सराव करणाऱ्या मुलामुलींच्या मनात आज जी खाडी असते, तिचे नियम आणि तिची प्रतिष्ठा या दोन्हींचा पाया वेब यांनी घातलेला आहे.

नायगाऱ्याच्या घटनेनंतर अनेक वृत्तपत्रांनी तिला आत्मघात म्हटले आणि तो शिक्का पुढे अनेक लेखकांनी तसाच वापरला. आत्मघात करणारा माणूस आधी नदी पाहून, लाटा टाळण्याची आणि भोवरा वळसा घालून ओलांडण्याची योजना आखून, बायको-मुलांची सोय लावून पाण्यात उतरत नाही. कीर्तीचा मोह आणि स्वतःच्या बळावरचा अतिविश्वास यांचाही त्या निर्णयात वाटा होता, हे नाकारण्याचे कारण नाही; तरीही पराक्रमाबद्दल टाळ्या देणाऱ्या आणि पोटापाण्याची कोणतीही व्यवस्था न करणाऱ्या त्या काळाने आपला वाटा वेब यांच्या एकट्याच्या माथी मारला, असाच निष्कर्ष या आठ वर्षांच्या हकिकतीतून निघतो. कॅप्टन मॅथ्यू वेब नायगारा नदीत उतरले ते मुख्यतः आपल्या घरासाठी, आणि इतिहासाने त्यांची नोंद तशीच करावयास हवी.